डाव संपतो कधी? : गेमिंगविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

दिवसभर नोकरी आणि रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर गेम, असा ज्याचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम आहे अशा माणसाला संपादकांनी उत्तरे द्यायला बसवले आहे. त्यामुळे वाचकांनी या सदरात तज्ज्ञाचा अधिकार शोधू नये. खेळणाऱ्याची मते आणि जमवलेली थोडीफार माहिती एवढेच येथे मिळेल. आलेली पत्रे वरवर निरनिराळ्या विषयांची असली, तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच विचारणा दिसली : हा खेळ संपतो कधी, आणि तो संपवणे कोणाच्या हातात असते? म्हणून उत्तरे देतानाही मी त्याच बाजूकडे अधिक लक्ष दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माळा आवरताना नव्वदच्या दशकातला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम सापडला. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि ‘९९९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट आहे. मुलांना तो दाखवावा असे वाटते. नव्या टीव्हीवर तो चालेल का? आणि एका कॅसेटमध्ये खरोखर इतके गेम होते का? (सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला लहानपणीच ठाऊक झाले असणार. कॅसेटमध्ये गेम मोजकेच असत आणि यादीत तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे तर कधी जास्त लाइफ देणारे, वेगळ्या नावांनी घातलेले असत. निंतेंदो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणले. आपल्या घरोघरी आलेले बहुतेक डबे ही त्याच यंत्राची नक्कल होती. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारे शुभेच्छांचे एखादे चित्रसुद्धा त्याहून जड असते. तेव्हा एका कॅसेटमध्ये आठ-दहा खरे गेम मावणे अवघड नव्हते. उरलेले आकडे दुकानदाराच्या सोयीसाठी होते.

टीव्हीविषयी सांगायचे तर, डब्याच्या मागे पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या एव्ही जागा असतील आणि टीव्हीलाही त्या असतील, तर चित्र दिसायला हरकत नाही. केवळ अँटेनाची वायर असेल, तर टीव्हीवर अ‍ॅनालॉग चॅनेल शोधावे लागेल. अ‍ॅडॅप्टर जुना असल्याने तो लावण्यापूर्वी एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. बंदूक मात्र चालणार नाही. बदके टिपायच्या गेममध्ये घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि तो उजेड त्याच क्षणी बंदुकीच्या नळीत पोहोचला तर नेम बसला असे यंत्र समजे. ही सगळी जुळणी जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीच्या चित्र रेखाटण्याच्या वेगावर बेतलेली होती. आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतात. मारिओच्या उड्याही त्यामुळेच चुकतील. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू करावा म्हणजे हा उशीर कमी होतो.

मुलांसमोर ‘काँट्रा’ हा गोळीबाराचा गेम लावाल तेव्हा रिमोटच्या बटणांचा वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए हा मंत्र विसरू नका. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने तो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या गेमच्या घरगुती आवृत्तीत प्रथम घातला, कारण चाचणीसाठी तो गेम पुढपर्यंत खेळणे त्यालाच जड जात होते. ‘काँट्रा’मध्ये याच मंत्राने तीनाच्या जागी तीस लाइफ मिळू लागल्या. त्या काळचे पुष्कळसे गेम नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरून घरी आले होते, आणि खेळणारा लवकर मेल्याशिवाय यंत्रात दुसरे नाणे पडत नसे. घरी नाणे टाकायचे नव्हते, तरी अवघडपणा तसाच राहिला. शिवाय यांपैकी बहुतेक गेममध्ये सेव्ह करण्याची सोय नव्हती. साडेसातच्या बातम्यांसाठी टीव्ही मागितला गेला की खेळ तेथेच संपे. त्या काळच्या आठवणीने गहिवरण्याचा मात्र माझा स्वभाव नाही, कारण त्या कॅसेटमधले निम्मे गेम तेव्हाही कंटाळवाणेच होते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि रोज संध्याकाळी मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा लढाईचा गेम खेळतो. जेवायला हाक मारली की ‘पाच मिनिटे’ म्हणतो आणि अर्धा तास उठत नाही. फोन काढून घेतला तर दोन दिवस बोलत नाही. हे व्यसन म्हणायचे का? (नाशिक)

उत्तर : मुलगा पाच मिनिटे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही, किती वेळ लागणार हे त्या घडीला त्यालाही ठाऊक नसते. या गेममध्ये शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते आणि शेवटी उरेल तो खेळाडू किंवा तो संघ जिंकतो. उतरताच मेला तर दोन मिनिटांत मॅच संपते, टिकला तर ती अर्ध्या तासापर्यंत चालते. बहुधा तो चार जणांच्या संघात खेळत असेल, आणि त्यांतील दोघे त्याच्याच वर्गातले असतील. समोर शंभर माणसे खेळत असताना खेळ थांबवून ठेवण्याचे बटण असू शकत नाही, आणि मध्येच उठणे म्हणजे मित्रांना तोंडघशी पाडणे. म्हणून मिनिटांचा करार टिकत नाही, मॅचचा टिकतो. जेवण साडेआठला असेल तर शेवटची मॅच आठच्या आत सुरू झालेली असावी, त्यानंतर नवी लावायची नाही, असे त्याच्याशी बसून ठरवावे. हाक मारण्याच्या वेळेपेक्षा मॅच सुरू करण्याच्या वेळेवर लक्ष ठेवले, तर आपल्या घरातला निम्मा आवाज कमी होईल असे मला वाटते.

तरीही माझी खरी तक्रार मॅचबद्दल नाही. मॅचला निदान शेवट असतो. तिच्याभोवती जे उभारलेले आहे, त्याला शेवट नसतो. रोज नवी कामे दिली जातात, ती त्या-त्या मुदतीतच पुरी करावी लागतात. ठरावीक काळाने नवा सीझन सुरू होऊन कमावलेली रँक खाली येते. रॉयल पास, म्हणजे जास्तीची बक्षिसे मिळवून देणारा विकतचा पास, घेतला असेल तर मुदत संपण्यापूर्वी सगळी बक्षिसे गोळा करण्याची घाई लागते. गेम फुकट आहे, आणि कंपनीची कमाई मुख्यतः पोशाख, बंदुकांचे रंग आणि असले पास यांवर होते. त्यासाठी मुलाने आज किती वेळ खेळावे यापेक्षा तो उद्या परत येतो की नाही, याला अधिक महत्त्व असते. ही रचना मुलाला समजावून सांगितली, तर नववीतल्या मुलाला ती कळते. आपल्याला कोणी तरी खेळवते आहे हे त्या वयात मुळीच आवडत नाही, आणि त्याचा येथे उपयोग होतो. आपला यूपीआय किंवा कार्ड त्या फोनला जोडलेले असल्यास प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय प्ले स्टोअरमध्ये आहे, ती आजच सुरू करावी.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगतो. मूळ पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, भारतासाठी वेगळा केलेला बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा माझ्या मते शाळकरी मुलासाठी फारच सैल आहे. शिवाय नोंदणी करताना वय खरे घातले असेल तरच ती लागू पडणार.

राहिला व्यसनाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात तीन लक्षणे पाहिली जातात : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि दैनंदिन कामांपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. हे सर्व सामान्यतः बारा महिने टिकलेले असावे आणि त्याने घर, शिक्षण किंवा मैत्री यांचे ठळक नुकसान झालेले असावे, अशी अट आहे. दोन दिवसांचा अबोला त्यात बसत नाही. तो नववी या इयत्तेतही असतो. मात्र शाळा बुडणे, रात्रीची झोप उडणे, मैदानावरचे मित्र तुटणे, घरातले पैसे नाहीसे होणे असे काही दिसू लागले, तर बारा महिने मोजत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोठूनही लागतो, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र चालते.

यापूर्वी एक काम मात्र करून पाहावे. एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून एक संपूर्ण मॅच पाहावी आणि संघात त्याच्याकडे कोणते काम असते ते विचारावे. आपण विचारले याचे त्याला आश्चर्य वाटेल, आणि पुढचा करार करणे सोपे जाईल.

प्रश्न : मी पैसे लावून फँटसी क्रिकेट आणि रमी खेळत असे. नव्या कायद्याने हे सर्व बंद झाले. आधी खेळलो म्हणून मला शिक्षा होऊ शकते का? आणि प्रवेश फी असलेल्या गेमिंग स्पर्धांचे काय? (जळगाव)

उत्तर : शिक्षेची तरतूद खेळणाऱ्यासाठी नाही. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचा खेळ ऑनलाइन उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बँकांनाही अशा व्यवहारांस मनाई आहे.

या कायद्यातील मोठा बदल असा की कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तेरा पानी रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि पुढे अनेक कंपन्या त्याच निकालाच्या आधाराने उभ्या राहिल्या. आता पैसे लावले आणि पैसे मिळण्याची अपेक्षा ठेवली, एवढे पुरेसे आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, मात्र वेगळे मानले आहेत; मान्यताप्राप्त स्पर्धेत भाग घेण्यासाठीची फी आणि कामगिरीवर मिळणारे बक्षीस यांना तेथे जागा आहे, निकालावर पैज लावण्याला नाही. फँटसी क्रिकेट गेले याचे मला गेमर म्हणून दुःख नाही, कारण ते अ‍ॅप उघडणारी माझ्या ओळखीतील माणसे क्रिकेट कमी आणि वॉलेट अधिक पाहत असत. पण साध्या वाटणाऱ्या गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्यांकडेही तितक्याच कठोरपणे पाहायला हवे. आत काय निघेल हे नशिबावर सोडणाऱ्या अशा पेट्या बेल्जियमने २०१८ मध्येच जुगाराच्या कायद्याखाली आणल्या आहेत.

प्रश्न : वय अडतीस, आयटीत नोकरी, घरी तीन वर्षांची मुलगी. आठवड्यातून जेमतेम तीन रात्री तासभर मिळतो. मोठा गाजलेला गेम घेतो, दहा तास खेळतो आणि तो सुटतो. असे कितीतरी अर्धवट पडून आहेत. मी गेम खेळणे सोडून द्यावे का? (पुणे)

उत्तर : सोडू नका, पण गेम निवडण्याची पद्धत बदला. महाविद्यालयात असताना आपण विचारत होतो की गेम किती मोठा आहे, कारण पैसे कमी होते आणि वेळ भरपूर होता. आता परिस्थिती उलटली आहे आणि निवड मात्र जुन्याच हिशेबाने चालू आहे. २०१५ चा ‘द विचर ३’ घ्या. मुख्य कथा पुरी करायलाच सुमारे पन्नास तास लागतात, आणि त्याची खरी गोडी तर आडवाटेच्या छोट्या कथांमध्ये आहे. आठवड्याला तीन तास या वेगाने केवळ मुख्य कथेलाच चार महिने लागतील. मध्ये मुलीला ताप आला, ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची रिलीज लांबली, दिवाळी आली की तीन आठवड्यांचा खंड पडतो, आणि परत बसल्यावर कोणते बटण कशासाठी आणि आपण या गावात कोणाला शोधायला आलो होतो, यांतले काहीच आठवत नाही. गेम सुटतो तो येथे. रस संपलेला नसतो, केवळ सूत्र हरवलेले असते. असे गेम सलग सुट्टी असेल तेव्हासाठी ठेवावेत.

एरवी, तो कोठे तोडता येतो हे पाहून गेम निवडावा. एरिक बॅरोन याने एकट्याने बनवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) यात शेतावरचा एक दिवस खऱ्या वेळेत सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि रात्री झोपले की गेम आपोआप सेव्ह होतो. म्हणजे चौदा मिनिटांनी उठण्याची एक सभ्य संधी येते. ती घेणे सोपे नाही, कारण सकाळी मळ्यात काय उगवले असेल ही उत्सुकता असते. पण संधी निदान येते. याउलट १९९१ पासून चालत आलेली ‘सिव्हिलायझेशन’ मालिका कामाच्या दिवशी उघडूच नये. तीत प्रत्येक चालीच्या शेवटी कोठले तरी बांधकाम एका चालीवर आलेले असते, आणि ‘आणखी एक चाल’ म्हणता म्हणता दूधवाला येतो.

आणि छोट्या गेमना कमी लेखू नका. ‘जर्नी’ (२०१२) दोन तासांत संपतो. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे जाताना वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो, त्याच्याशी बोलता येत नाही, केवळ एक सूर काढून हाक देता येते, आणि त्याचे नाव गेम संपल्यावरच समजते. ऑनलाइन खेळात शिव्यांची सवय झालेल्या माणसाने तो आवर्जून खेळावा. ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) मध्ये एक पक्षीण मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते. कोकणात आजोळ असलेल्यांना याहून अधिक सांगायला नको. जरा डोके लावायचे असेल तर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) घ्यावा. १८०७ साली एक जहाज माणसांविना बंदराला लागते, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाने त्यावरील साठ जणांपैकी प्रत्येक जण कोण होता आणि त्याचे काय झाले, हे शोधून वहीत लिहायचे असते. तर्क बरोबर आहे की नाही हे गेम तीन-तीन जणांच्या गटानेच सांगतो, त्यामुळे अंदाज ठोकून भागत नाही. हा गेम आठ-दहा रात्रींत होतो आणि मधल्या दिवसांत, सिग्नलला उभे असतानाही, डोक्यात चालू राहतो. तासभरच मिळणाऱ्या माणसासाठी यापरते सोयीचे काही नाही.

अर्धवट पडलेल्यांबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण मला दिसत नाही. दहा तास खेळून जे हवे होते ते मिळाले असेल, तर तो गेम तुमच्यापुरता पुरा झाला. मात्र सेल लागला म्हणून पुढच्या पाच वर्षांचे गेम आज घेऊन ठेवणे थांबवावे. सेल पुन्हा लागतो, दर काही महिन्यांनी लागतो, आणि त्या वेळी तो गेम आणखी स्वस्त झालेला असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नातवाबरोबर बसून गेम पाहतो. सर्व जपानी, अमेरिकी नाहीतर युरोपीय. आपल्याकडचे, आपल्या मातीतले काही आहे की नाही? (कोल्हापूर)

उत्तर : आहे, पण आपण ‘आपल्या मातीतले’ म्हणताना बनवणारे म्हणता की दाखवलेले, यावर उत्तर अवलंबून आहे. बनवणारे भरपूर आहेत. लॉकडाऊनमध्ये घरोघरी खेळला गेलेला ‘लुडो किंग’ नवी मुंबईतल्या कंपनीचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका आहे आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडते. वाडे आणि किल्ले राजस्थानी वळणाचे आहेत, चित्रे देखणी आहेत. मारामारी थोड्या वेळाने तीच ती वाटू लागते आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा आहे, हेही सांगितले पाहिजे. पुण्याचे म्हणून गुण वाढवून देणे बरे नव्हे. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बीजीएमआयच्या जातीचा गेम आणला. कल्पनेतला, भविष्यकाळातला भारत त्यात नेपथ्यासारखा वापरला आहे.

बाहेरच्यांनीही भारत दाखवला आहे. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) पश्चिम घाटात घडतो आणि होयसळ राजवटीच्या अवशेषांभोवती फिरतो, ‘हिटमॅन २’ (२०१८) मध्ये मुंबईची एक मोठी लेव्हल आहे, ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या २०२२ मधल्या पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. हे सर्व पाहण्यासारखे आहे, पण देवळे, हत्ती, गर्दी आणि रिक्षा यांच्यापलीकडे या गेममधला भारत फारसा जात नाही. तेथे माणसे राहतात, त्यांना डबा करायचा असतो, लाइट बिल भरायचे असते, याचा पत्ता लागत नाही.

म्हणून आपल्याला एक लहानसा गेम सुचवतो, जो ना पुण्याचा ना मराठीचा. ‘वेन्बा’ (२०२३) हा टोरांटोमधल्या एका छोट्या स्टुडिओने बनवला. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेले एक तमिळ जोडपे आणि त्यांचा तेथे वाढणारा मुलगा यांची ती गोष्ट आहे. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीतली पाने फाटलेली, अक्षरे पुसट झालेली, आणि खेळणाऱ्याने अंदाजाने इडलीपात्राचे थर लावायचे, पदार्थाचा क्रम ओळखायचा. दीड-दोन तासांत वीस-तीस वर्षे जातात. मुलगा तमिळ बोलायचे टाळू लागतो, तेव्हा पडद्यावर कोणी बंदूक रोखलेली नसूनही खेळणारा अस्वस्थ होतो. शिकवण्याचा अनुभव असलेल्या आपल्याला तो नातवाशेजारी बसून खेळताना पुष्कळ बोलायला मिळेल. असा गेम पुरणपोळीवर किंवा गिरणगावातल्या खोलीवर मराठीत का होऊ नये, हे विचारण्यासारखे आहे. त्याला फार पैसा लागत नाही. गोडोसारखे गेम बनवण्याचे साधन फुकट मिळते. त्यावर बसून आपल्या घरातल्या गोष्टीकडे गेम म्हणून पाहणारा कोणी तरी हवा.

प्रश्न : वय छप्पन्न, बोटांच्या सांध्यांचे दुखणे आहे. मी लॅपटॉपवर ‘ईझी’ मोड लावून खेळते, त्यावर मुलगा हसतो. सोपे करून खेळणे म्हणजे खेळणे नव्हे, असे तो म्हणतो. (ठाणे)

उत्तर : चिरंजीवांच्या पिढीचे थोरले भाऊ ‘काँट्रा’ तीस लाइफ घेऊन संपवत होते, हे त्यांना सांगावे. अवघडपणासाठीच नावाजलेल्या ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममध्ये त्याच्या निर्मात्यांनी स्वतःच मदतीचा मोड ठेवला आहे. वेग कमी करता येतो, दमणे बंद करता येते, मरणेसुद्धा बंद करता येते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) मध्ये दिसणे, ऐकणे आणि हाताची हालचाल यांतील अडचणींसाठी साठाहून अधिक सोयी आहेत. आपण कोणताही गेम सुरू करताना आधी सेटिंग उघडावे. एखादे बटण दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबून काम होईल असा पर्याय असेल, तर तो घ्यावा. एकच बटण भराभर दाबण्याची सक्ती बंद करता येत असेल, तर ती करावी. आणि दुखऱ्या बोटाकडे असलेले काम दुसऱ्या बोटाकडे द्यावे. पुढे गरज पडल्यास मोठ्या, हलक्या दाबाच्या बटणांचे कंट्रोलरही मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये असा एक खास आणला. दुखणे वाढले तर मात्र त्या दिवशी खेळ बंद.

प्रश्न : माझे यजमान नोकरीनिमित्त बहारीनला असतात. रोज फोन होतो, पण बोलायचे विषय संपतात. दोघांकडे लॅपटॉप आहेत. एकत्र खेळता येईल असे काही सुचवाल का? मला गेमचा फारसा सराव नाही. (रत्नागिरी)

उत्तर : ‘इट टेक्स टू’ (२०२१) हा स्वीडिश स्टुडिओचा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या वाटेवर असलेले आईवडील मुलीच्या अश्रूंमुळे इवल्या बाहुल्या होतात, आणि घराच्या शेडमधून, अंगणातल्या झाडातून परतीची वाट दोघांनी मिळून काढायची असते. एकाच्या हाती खिळे, तर दुसऱ्याच्या हाती हातोडा, अशी कामाची वाटणी सतत बदलत जाते, त्यामुळे ‘आता तू थांब, मी टाकते’ असे बोलावेच लागते. विषय तयार मिळतो. सराव नसेल तर पहिले दोन-तीन तास चाचपडण्यात जातील, पण मेल्यास गेम लगेच तेथूनच पुन्हा सुरू करतो. एकूण बारा ते चौदा तासांचा गेम आहे आणि त्यात घड्याळ पाहून थांबण्याच्या जागा पुष्कळ आहेत. कथेतले बोलके पुस्तक मात्र फार उपदेश करते, ते सहन करावे.

दोघांनी तो विकत घेण्याची गरज नाही. एकाने घेतला की दुसऱ्याला ‘फ्रेंड्स पास’ने फुकट सामील होता येते. लॅपटॉप हे बऱ्यापैकी ताकदीचे असावेत आणि शक्यतो दोघांनी कंट्रोलर घ्यावेत, कीबोर्डवर उड्या मारणे नव्या माणसाला त्रासाचे होते. बहारीनचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास असते, तेव्हा आपल्याकडे रात्री साडेनऊला बसलात तर त्यांचे सात वाजलेले असतील; त्यांना कामावरून परतून चहा घेण्याइतका वेळ राहू द्यावा. ‘ओव्हरकुक्ड’ हा एकत्र स्वयंपाक करण्याचा गेमही कोणी ना कोणी सुचवेलच. तो फार मजेदार आहे, परंतु त्यात कांदा कोणी चिरायचा आणि ताटल्या कोणी धुवायच्या यावरून दोन मिनिटांत आरडाओरडा सुरू होतो, म्हणून ते सुट्टीवर घरी येईपर्यंत तो लावू नये.